मनाची गोळी गावात का तुटते?

दसऱ्याच्या सुमारास आमच्या भागात माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. सोयाबीन काढायचे, मळणी यंत्राचा नंबर लावायचा, ढग आले की ताडपत्री घेऊन पळायचे. तीन वर्षांपूर्वी अशाच धांदलीत माझ्या थोरल्या चुलतभावाने आपली एक गोळी बंद केली. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी कोणाला विचारले नाही की सांगितले नाही. पाकीट संपले, दुसरे आणले नाही, एवढेच. पण त्या न आणलेल्या पाकिटाने पुढचे चार महिने आमच्या घराची झोप उडवली. म्हणून आज पीकपाणी आणि बाजारभाव बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. अण्णांना विचारूनच लिहितो आहे. ते म्हणाले, "नाव टाकू नको, बाकी सगळं लिही. दुसऱ्या कुणाचं तरी वाचंल."

ही गोळी मनाच्या आजाराची होती. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, गावात "डिप्रेशन" हा शब्द आता बराच रुळला आहे. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीपासूनच अण्णांचे बिनसले होते. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. भाकरी पुढे ठेवली तर दोन घास खाऊन ताट सारायचे. बैलांवर जीव असलेला माणूस, पण गोठ्यात जाऊन नुसता बसून राहायचा. छातीत धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे. आम्हाला वाटले हृदयाचे दुखणे. तालुक्याला नेले, छातीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. रक्त तपासले, थायरॉइड तपासली, तेही ठीक. (ही तपासणी मात्र करून घ्यावीच. थायरॉइड मंदावली किंवा अंगात रक्त कमी असले तरी माणूस असाच गळून गेल्यासारखा वाटतो.) शेवटी तिथल्याच एका शहाण्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली.

तिथे गोळी सुरू झाली. पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि डोकेदुखी. अण्णा वैतागले, पण वहिनींनी नेटाने गोळी चालू ठेवली. महिना झाला आणि झोप लागू लागली. सहाव्या-सातव्या आठवड्यात अण्णा स्वतःहून बाजाराला गेले आणि येताना नातवाला जिलेबी घेऊन आले. घरात सण झाल्यासारखे वाटले. दसऱ्याला गोळी बंद केली ती याच आनंदात. बरे वाटते आहे, मग औषध कशाला?

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे. ही गोळी सुरू होते जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तुटते आपल्या गावात. ती सुरू करणे डॉक्टरांचे काम आहे, ते आपल्याला जमणार नाही. पण ती मध्येच तुटू नये हे मात्र घराच्या, गावाच्या आणि गावकारभाऱ्यांच्या हातात आहे, आणि तिथे आपण फार कमी पडतो.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेली माणसे विसात एक असल्याचे त्यात दिसले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नव्हते. म्हणजे ज्यांना डॉक्टर भेटले आणि गोळी लिहून मिळाली ते आधीच थोडे. त्यातल्या कित्येकांची गोळी महिना-दोन महिन्यांत बंद पडते. विहिरीपर्यंत पोहोचून तहानलेले परत यावे तसे हे झाले.

ही गोळी मध्येच का सुटते? मला तीन कारणे दिसतात, आणि तिन्ही अण्णांच्या बाबतीत होती.

पहिले कारण म्हणजे आपल्याला औषधाचा गुण तासाभरात पाहिजे असतो. सुई टोचली की ताप उतरला पाहिजे, सलाईन लावली की अंगात ताकद आली पाहिजे. मनाच्या गोळीचे तसे नाही. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा-आठ आठवडे. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतो. मळमळ, डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, कधी जास्त झोप तर कधी झोपच नाही. घबराटीचा आजार असलेल्या माणसाला सुरुवातीचे काही दिवस घबराट उलट वाढल्यासारखी वाटते, म्हणून डॉक्टर लहान डोसपासून सुरू करतात. बहुतेकांचा हा त्रास आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. नवराबायकोच्या संबंधात अडचण येते हाही या गोळ्यांचा एक परिणाम आहे आणि तो पुष्कळांना होतो. लाजेपोटी ही गोष्ट कोणी सांगत नाही, गुपचूप गोळी मात्र सोडून देतात. अहो, डॉक्टरांनी हे हजारदा ऐकलेले असते. सांगितले तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. न सांगता सोडली तर आजार परत येतो आणि अडचण होती तिथेच राहते.

दुसरे कारण अण्णांचेच, म्हणजे बरे वाटले की औषध संपले असा समज. पण बरे वाटणे म्हणजे आजार मुळातून गेला असे नाही. पहिल्यांदाच नैराश्य आले असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी असे डॉक्टर सांगतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त. कपाशीवर फवारणी केली, कीड दिसेनाशी झाली, तरी आपण शेतात फेरी मारायची थांबतो का? इथे तर फवारणीच अर्ध्यावर सोडल्यासारखे होते.

तिसरे कारण म्हणजे पारावरची वैद्यकी. "ती गोळी घेतली की मेंदू बधिर होतो." "एकदा लागली की जन्माची सवय." "येडाच्या दवाखान्यातली गोळी हाय ती." बीपीची गोळी वीस वर्षे घेणारा माणूस हे दुसऱ्याला सांगतो याची मला गंमत वाटते. स्वतःची बीपीची गोळी तो सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतो, चारचौघांत काढून चहाबरोबर घेतो. मनाची गोळी घेणारा मात्र ती पिठाच्या डब्यामागे लपवतो.

सवयीच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. दारूची किंवा तंबाखूची जशी तलफ लागते, दिवसेंदिवस जास्त पाहिजे असे होते, तसे या गोळ्यांचे होत नाही. पण महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर शरीर तक्रार करते. दसऱ्याला गोळी बंद केल्यावर चार दिवसांनी अण्णांना चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई. विचित्र स्वप्ने पडत, बारीकसारीक गोष्टीवर संताप होई. वहिनी घाबरल्या. कोणी म्हणाले लकवा येणार, कोणी म्हणाले बाहेरचे काहीतरी आहे. अंगारा झाला, लिंबू उतरवून झाले. दोन आठवड्यांनी झटके आपोआप थांबले आणि सगळ्यांना वाटले, सुटलो. खरे तर तो त्रास गोळी एकदम तोडल्याचा होता आणि खरा आजार अजून मागेच होता. संक्रांतीच्या आधी त्याने पुन्हा गाठले. तेव्हा अण्णा अंथरुणातून उठेनात आणि आम्ही दोन भाऊ रात्री आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसायचो. जास्त लिहीत नाही.

उतारावर भरलेली बैलगाडी आपण एकदम सोडून देतो का? बैल आवरत, कासरा ओढत हळूहळू खाली आणतो. गोळीही तशीच डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे काही आठवड्यांत, बरेच दिवस घेतली असेल तर काही महिन्यांत, टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला एकच घ्यायची, चुकलेली भरून काढायला दोन घ्यायच्या नाहीत.

इथे एका वेगळ्या गोळीबद्दल सांगणे भाग आहे, कारण गावात घोटाळा तिथेच होतो. अण्णांचा आजार उलटल्यावर जिल्ह्याला जायला दोन दिवस उशीर झाला. तेवढ्यात जवळच्या एका मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या दिल्या. "मनाचीच गोळी आहे, शांत झोप लागेल," असे म्हणाला. ती अल्प्राझोलाम होती. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही मंडळी वेगळ्या घराण्यातली. गुण तासाभरात, म्हणून लोकांना आवडतात. पण सवय लागते ती यांची. काही आठवडे रोज घेतल्यावर यांच्याशिवाय झोप येत नाही, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर फेफरेसुद्धा येऊ शकते. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव धोक्यात येतो. डॉक्टर कधीकधी सुरुवातीचे थोडे दिवस ही गोळी मुद्दाम देतात, ते ठीक. पण दुकानातून परस्पर घेणे बेकायदा आहे. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीत अल्प्राझोलाम आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. नैराश्याच्या गोळ्यासुद्धा चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरात असते, औषधाचे बारीक अक्षरात. ते बारीक अक्षर वाचायला पोरांना सांगा. फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, ॲमिट्रिप्टिलीन ही नैराश्याच्या औषधांची नावे आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी एका कंपनीचे पाकीट दिले, जिल्ह्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचे, आणि आत औषध एकच, असेही घडते. घरातला माणूस दोन्ही पाकिटे इमानेइतबारे घेतो आणि डोस दुप्पट होतो. म्हणून कुठल्याही दवाखान्यात जाताना चालू असलेली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या.

तसे पाहिले तर या औषधांचा शोधही एका ओळखीच्या रोगापाशी लागला. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी आयप्रोनियाझिड नावाचे औषध देत असताना रोग्यांची मनःस्थिती चमत्कारिक सुधारल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. आज जास्त वापरात असलेल्या गोळ्यांपैकी फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळाली. म्हणजे ही काही काल आलेली, न पारखलेली औषधे नाहीत. जुन्या पिढीतली ॲमिट्रिप्टिलीनसारखी औषधे गुणकारी असली तरी जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयाला धोका करतात. नवी त्या मानाने सुरक्षित आहेत.

सुरक्षित म्हणजे कशाबरोबरही चालतात असे मात्र नाही. शेतकऱ्याची कंबर आणि गुडघे कायम दुखतात. दुखण्यावर ट्रॅमाडॉल नावाची गोळी सर्रास दिली जाते. ती आणि ही मनाची गोळी एकत्र आली तर काही वेळा अंगाला कापरे भरते, दरदरून घाम, ताप, बडबड असा प्रकार होतो. असे झाले तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे लिनेझोलिडही याच जातीचे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या साध्या दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर ते त्याचे लक्षण समजावे. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातले सोडियम कधी उतरते. आजी किंवा आजोबा गोळी सुरू झाल्यावर असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. दारू तर नकोच. आणि सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते की नाही याचा अंदाज येईपर्यंत ट्रॅक्टर, मळणी यंत्र आणि मोटारसायकल यांपासून लांब राहिलेले बरे.

पूर्वी कधी उलटे झाले असेल, म्हणजे आठवडाभर झोप नाही तरी अंगात वारे शिरल्यासारखे काम, वारेमाप बोलणे, वारेमाप खर्च, न पेलणारे बेत, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्या आजारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस तिकडच्या टोकाला जाऊ शकतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने गोळी स्वतःच्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये. काय चालते, काय नाही हे डॉक्टर ठरवतील.

आता घरच्या माणसांसाठी. गोळी सुरू झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे जपायचे असतात. कधीकधी अंगात हालचाल आधी परत येते, मनावरचे मळभ मात्र अजून तसेच असते. तरुणांच्या बाबतीत तर जास्तच लक्ष ठेवावे लागते. या औषधांनी सुरुवातीला मुलांच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा पाकिटावर छापायला २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने लावले आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. याचा अर्थ तरुणांना औषध द्यायचे नाही असा नव्हे, एकटे सोडायचे नाही असा आहे. बेचैनी वाढली, बोलणे तुटले, निरवानिरवीची भाषा आली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. सरळ विचारा, "जिवाचं काही वाईट मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. गोळ्या घरच्या जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवा, आणि फवारणीची औषधे घरात, माळ्यावर, पलंगाखाली न ठेवता कुलपात ठेवा. आमच्याकडे त्या संक्रांतीपासून कुलूप आहे, किल्ली वहिनींच्या कंबरेला.

पूर्वी असा काही प्रयत्न झाला असेल तर तोही डॉक्टरांपासून लपवू नका. पुष्कळ घरे पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. पोलीस पाटलांनी हे लक्षात घ्यावे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याला उपचार देणे सरकारचे कर्तव्य आहे, असे तो कायदा सांगतो.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. "गोळीनं कर्ज फिटतंय का? सोयाबीनला भाव मिळतोय का?" नाही मिळत. शेतकऱ्याच्या दुःखावर गोळी हे उत्तर आहे असे कोणी म्हणाले तर त्याला मीही पारावरून उठवीन. सगळ्या दुःखाला गोळी लागतही नाही. पीक गेले म्हणून चार दिवस जेवण न जाणे हा आजार नव्हे. सौम्य नैराश्यात नुसत्या बोलण्याने, समुपदेशनाने, कामाची घडी पुन्हा बसवल्याने फरक पडतो. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर मन खचलेले, कशातच रस नाही, झोप नाही, भूक नाही, आणि कामच होत नाही असे झाले तर तो आजार आहे. त्या आजारात माणसाला कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्जही भरता येत नाही. अण्णांच्या विमा दाव्याची मुदत त्या संक्रांतीच्या वेळी तशीच निघून गेली. कागद कपाटात होते, पण कपाटापर्यंत जायची उभारी नव्हती. भावासाठी रस्त्यावर उतरायला आणि बँकेच्या साहेबासमोर बसून हुज्जत घालायलाही आधी माणूस उभा राहावा लागतो.

शेवटी गावकारभाऱ्यांकडे येतो, कारण अण्णांच्या गोळीची खरी अडचण अंतराची होती. जिल्ह्याचे ठिकाण आमच्यापासून बासष्ट किलोमीटर. औषध पंधरा दिवसांचे मिळायचे. म्हणजे महिन्यातून दोन दिवस मोडायचे, एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाची मजुरी, रांग. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारले तर "ती गोळी आमच्याकडे येत नाही." खळे सोडून कोण जाणार? फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. खेड्यातल्या माणसाला उपचार जवळ मिळावेत हाच त्याचा हेतू. मग जिल्ह्यात सुरू झालेली गोळी पुढे महिन्याच्या महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळायला काय हरकत आहे? दर तीन महिन्यांनी तज्ज्ञांना दाखवायचे, मधले पाकीट गावाजवळ घ्यायचे. क्षयरोगाच्या गोळ्या आपण अशाच गावापर्यंत आणल्या.

सरपंच आणि ग्रामसेवकांना हे करता येईल. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत हा विषय लावा आणि औषधाची मागणी लेखी द्या. तोंडी मागणीला या देशात किंमत नाही. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांना गोळी घेणाऱ्या घराची खबर असू द्या, पण ती चारचौघांत नको. ग्रामसभेत कोणाचे नाव निघाले तर पुढचे दहाजण उपचाराला जाणारच नाहीत. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी मिळतो. त्यातला कितीसा फिनेल आणि ब्लीचिंग पावडरीवर जातो ते आपण जाणतोच. गावातल्या निकडीच्या रुग्णाला जिल्ह्याला नेण्यासाठी त्यातला काही भाग वापरता येईल का, हे आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

गावाने मनावर घेतले तर फरक पडतो याला आधार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच उपचारापर्यंत पोहोचत होते, दीड वर्षानंतर ते सत्तावीस झाले. आपल्या राज्यात २०१५ साली चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी "प्रेरणा" प्रकल्प सुरू झाला तोही याच विचाराचा. आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते. गोळी चुकली, त्रास होतो आहे, रात्री भीती वाटते आहे, कशासाठीही लावा. हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सोसायटीच्या भिंतीवर आणि कृषी सेवा केंद्राच्या दारावर रंगवून घ्यायला एक डबा रंग पुरतो.

अण्णांचे उपचार संक्रांतीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. आजार दुसऱ्यांदा आला म्हणून डॉक्टरांनी या वेळी जास्त काळाची बोली केली. पाकीट संपायच्या आठ दिवस आधी वहिनी कॅलेंडरवर खूण करतात आणि जिल्ह्याला जाणारा कोणीही असला तरी त्याच्याकडे केस पेपरची पिशवी देतात. मागच्या महिन्यात मी स्वतः अण्णांबरोबर गेलो होतो. आता गोळी कमी करायला घेऊ, असे डॉक्टर म्हणाले. अण्णा लगेच उठायला लागले, तर डॉक्टरांनी त्यांना बसवले आणि विचारले, "तुमच्या कामाचा ताण वर्षात कधी कमी असतो?"

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. "हरभरा निघाला, पाडवा झाला, की मोकळाच असतो."

"मग पाडव्यानंतर सुरू करू. पेरणीपर्यंत हळूहळू उतरवू. तोवर एकही चुकवायची नाही."

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले होते. वरच्या खिशात पाकीट होते, बाहेरून दिसत होते.